कधीही न भेटलेल्या माणसाचं सुतक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेटवर ओळख झालेली मैत्रीण, सहा वर्षं जवळजवळ रोज बोलणं, भेट एकदाही नाही. ती गेल्याचं तुम्हाला अकरा दिवसांनी कळलं. घरचे विचारतात, "तुझी कोण लागत होती ती?" कामात लक्ष लागत नाही, मध्येच रडू येतं, आणि हे दुःख खरं की आपण उगाच करतोय, हेच कळत नाही.

खरं आहे. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं. पण 'कोण लागत होती' हे वाक्य मी माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलंय, म्हणून जरा बसून लिहिते.

मी मिरजेची, बँकेतून निवृत्त झालेली. माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या आंब्यापर्यंत वीस मीटर तांब्याची तार, खोलीत एक रेडिओ, आणि सकाळी सातच्या सुमारास त्यावर गप्पा. नेट येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्यात न भेटता मैत्री होते. नुसत्या आवाजाची, आणि मोर्समध्ये, म्हणजे टिंबं-रेघांच्या सांकेतिक लिपीत, बोलत असाल तर आवाजाचीही नाही, नुसत्या टकटकीची.

माझे असे मित्र म्हणजे अण्णा. राजापूरच्या बाजूला एका वाडीत राहायचे, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, जुने तारमास्तर. आमची ओळख झाली ती 26 डिसेंबर 2004 ला. त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद हॅमच्याच एका मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. तिथले फोन गेले आणि त्यांचा रेडिओ अंदमानातल्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला लागला. माझा परवाना तेव्हा जेमतेम वर्षाचा. उत्साहाच्या भरात मी आमच्या रोजच्या फ्रिक्वेन्सीवर विचारलं, पोर्ट ब्लेअरला मीही हाक मारून बघू का? एक खरखरीत आवाज आला, "बाई, तिकडे बोलू नका. ऐका नुसतं. आत्ता तेवढंच काम आहे." मला राग आला. मग दिवसभर नुसतं ऐकलं. संध्याकाळी त्याच आवाजाने विचारलं, "ऐकलंत ना?" झाली मैत्री.

मिरज ते राजापूर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये सह्याद्री. त्यामुळे आमचा आवाज सरळ जायचा नाही. तो आधी अडीच-तीनशे किलोमीटर वर जायचा, तिथल्या आयनांच्या थरावर आपटून खाली कोकणात उतरायचा. सूर्यावरचे डाग कमी झाले की तो थर विरळ होतो. साधारण दर अकरा वर्षांनी असा काळ येतो. 2019 च्या सुमाराला आमची सातची वेळ मोडली. अण्णा ऐकूच यायचे नाहीत, मग ऊन चढायची वाट बघून नऊला भेटायचो. सूर्यामुळे कुणाच्या मैत्रीची वेळ बदलली असेल तर ती आमचीच.

मोर्स मला त्यांनी शिकवलं. परीक्षेला मिनिटाला 8 शब्दांचा वेग लागायचा. अण्णा म्हणाले, तो कारकुनी वेग, तो सोडा. मी मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या शेजारात वाढले, कान बरा आहे, पण हात जड. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. आमच्यात त्याला 'फिस्ट' म्हणतात. लांबचं-आखूडचं प्रमाण, दोन अक्षरांमधली जागा, कुठे घाई, कुठे रेंगाळणं, यावरून नाव सांगण्याआधीच माणूस ओळखता येतो. निरोप घेताना आम्ही 73 पाठवतो. तारयंत्राच्या काळापासूनचा तो 'शुभेच्छा'चा आकडा आहे. डा-डा-डी-डी-डी, डी-डी-डी-डा-डा, 'डा' लांब आणि 'डी' आखूड. अण्णांचा त्यातला शेवटचा 'डा' नेहमी लांबायचा. तारमास्तराचा इतका काटेकोर हात, आणि नेमका निरोपालाच ढिला. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "म्हातारपण."

एकमेकांचा सिग्नल कसा येतोय ते आम्ही तीन आकड्यांत सांगतो, 599 म्हणजे उत्तम. खरं सांगायचं तर आजकाल सगळे सगळ्यांना 599 देतात, लग्नात आहेराचं पाकीट द्यावं तसं. अण्णा 449 ऐकू आलं तर 449 च सांगायचे. त्यांचं कार्ड माझ्याकडे आहे, संपर्काची खूण म्हणून आम्ही पोस्टाने पाठवतो तसं, त्यावरही 449 च. त्या आकड्यांचा मला फार आधार वाटायचा. 2013 च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली. त्या रात्री वेळ नसताना ते रेडिओवर आले. काही बोलले नाहीत. माझं नाव पाठवलं, त्यांचं नाव पाठवलं, 73 पाठवलं आणि गेले.

आता तुम्हाला ज्यासाठी लिहितेय ते. माझी आई आजारी होती त्या वर्षी मी घरात कुणाला काही कळू देत नव्हते. बँक, दवाखाना, डबे, सगळं हसतमुखाने. एका सकाळी अण्णांना नेहमीसारखं हवामान पाठवलं, 'ढग आहेत, वारा नाही', एवढंच. त्यांनी उलट पाठवलं, 'हात जड आहे आज. काय झालं?' रोज माझ्या हातचं जेवणाऱ्यांना जे दिसलं नाही ते त्या माणसाला चार टिंबं आणि चार रेघांमधून ऐकू आलं. त्यामुळे 'तुम्ही कधी भेटलाच नाहीत' असं कुणी म्हणालं की मला कळत नाही यावर काय बोलायचं. तुमच्या मैत्रिणीलाही तुमच्याबद्दल असं काहीतरी नुसत्या लिहिण्यावरून कळलं असणार. नुसतं "हो" लिहिलंत की "होss", एवढ्यावरून सुद्धा. तुम्ही तिला गमावलंत, आणि शिवाय तुम्हाला तसं वाचणारी एक व्यक्ती गेली.

2022 च्या पावसाळ्यात अण्णा यायचे थांबले. कोकणात वीज कडाडायला लागली की आम्ही अँटेना काढून ठेवतो, त्यामुळे पहिले आठ दिवस मला काही वाटलं नाही. नंतर फोन लावला, लागला नाही. एकोणिसाव्या दिवशी कोल्हापूरच्या एका हॅमने सकाळी सांगितलं, "अण्णा सायलेंट की झाले." आमच्यात मेलेल्याला असंच म्हणतात. की म्हणजे मोर्स वाजवायची कळ. ज्याची टकटक थांबली तो. मोर्समध्ये संभाषण संपलं की जी खूण पाठवतात, तिचीही तीच दोन अक्षरं, एसके.

माझ्या लहानपणी कुणी लांबचं गेल्याचं पत्र उशिरा आलं की आई डोक्यावरून आंघोळ करायची. दहा दिवस उलटून गेलेले असायचे, सुतक नसायचं, पण आंघोळ व्हायचीच. मी तशीच उठले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आले तर सासूबाईंनी ओले केस बघून विचारलं, "कोण गेलं गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला ना सोयर ना सुतक." वाईट बुद्धीने नाही म्हणाल्या, हिशोब केला त्यांनी. पण तो शब्दप्रयोग मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचला. आपली भाषाच असं सांगते, की ज्याचं सुतक नाही त्याचं दुःखही नाही.

यातली अडचण नीट बघा. घरातलं माणूस गेलं की काय करायचं ते ठरलेलं असतं. मातीला जायचं, दहाव्याला कावळा शिवायची वाट बघायची, तेराव्याला जेवायचं, भेटायला येणाऱ्यांना तीच हकीकत पंचवीसदा सांगायची. त्या पंचवीसदा सांगण्यातच निम्मं दुःख झिजतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तिला ओळखणारं तुमच्या घरात कुणी नाही, आणि तिच्या घरात तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. म्हणून ते आत फिरत राहतं आणि खोटं वाटायला लागतं.

मी काय केलं ते सांगते, पटलं तर बघा. आधी आम्ही रोजचे सात-आठ जण एका रविवारी सातला रेडिओवर जमलो. एकाने अण्णांच्या कॉलसाइनने, म्हणजे रेडिओवरच्या सांकेतिक नावाने, तीनदा हाक मारली, आणि प्रत्येक हाकेनंतर आम्ही सगळे गप्प राहिलो. नुसती खरखर. मग प्रत्येकाने एकेक आठवण सांगितली. दोघांनी तर अण्णांचा खडूसपणाच सांगितला, तेच सगळ्यात बरं वाटलं. तुमच्याही ओळखीचे चारपाच जण असतील ज्यांना ती माहीत होती. त्यांना फोन करा, एकत्र बोला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून संध्याकाळी विनोद पाठवणारे त्यात असतीलच. त्यांच्यावर चिडू नका, मीही काही माणसांच्या बाबतीत तेच केलेलं आहे.

आणि तिच्या घरच्यांना पत्र लिहा. लगेच नको, पण वर्षही नको जाऊ देऊ. 'फार चांगली होती' असं लिहू नका, ते त्यांना सगळेच सांगतायत. तिने तुम्हाला कधी, काय म्हटलं, ते जसंच्या तसं लिहा. त्यांना माहीत नसलेली ती त्यात असेल. (खासगी असेल ते तुमच्याकडेच ठेवा. तिने त्यांना सांगितलं नसेल तर त्यालाही कारण असेल.) उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका.

नॉर्वेतल्या मात्स स्टीनची हकीकत यासाठी सांगण्यासारखी आहे. स्नायू झिजवणाऱ्या ड्यूशेन नावाच्या आजाराने तो 2014 मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. शेवटची वर्षं बहुतेक वेळ खोलीत, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यात गेली. मुलाला मित्र नाहीत, प्रेम नाही, कुणाच्या आयुष्यात त्याने काही फरक पाडला नाही, याचंच आई-वडिलांना सगळ्यात वाईट वाटायचं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं लिहिलं आणि युरोपभरातून पत्रं यायला लागली. खेळात त्याला 'इबेलिन' म्हणून ओळखणारी माणसं ऑस्लोला अंत्यविधीला आली. आपला मुलगा कोण होता हे त्या आई-वडिलांना परक्या लोकांनी सांगितलं.

माझ्या पत्राला अण्णांच्या मुलाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, "बाबा पडवीत एकटेच कटकट करत बसतात असं आम्ही समजत होतो. मी एकदा रागावलोही होतो त्यावरून. तुम्ही या."

डिसेंबरात गेलो. अणुस्कुऱ्याचा घाट उतरताना आमचे हे म्हणाले, "अठरा वर्षं तुम्ही या डोंगरावरून बोललात?" मी म्हटलं, वरून, बरंच वरून. घरी दोन माडांमधली तार पावसात तुटून खाली आलेली होती, कुणी गुंडाळून ठेवली नव्हती. भिंतीवर हार घातलेला फोटो. मी फोटोकडे बघत राहिले आणि मला काहीच झालं नाही. तो चेहरा माझ्या ओळखीचाच नव्हता. तुमचंही असं होईल कदाचित, घाबरू नका.

मुलाने मला पडवीत टेबलापाशी नेलं. अण्णांची मोर्स-की तिथेच होती, पितळी, गुंडी एका बाजूने झिजलेली. शेजारी सरावाचा बझर, ज्यावर त्यांनी मला शिकवायचे धडे वाजवून बघितले असतील. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शेवटचं ते जे वाजवायचे, ते येतं का तुम्हाला?" मला वाटलं, त्या एसके म्हणतायत. तसं वाजवलं. त्यांनी मान हलवली, हे नाही.

मग मी 73 वाजवलं. डा-डा-डी-डी-डी, डी-डी-डी-डा, आणि शेवटचा 'डा' अण्णांसारखा लांब धरला.

"हां, हेच," काकू म्हणाल्या. "उजवा हात त्याच्यावर आणि डावा पुढे, चहाला. तो लांब आवाज आला की मी आतून कप घेऊन यायचे."

आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने स्टोव्हचा आवाज आला.