मुलींच्या शाळेचं वर्षभराचं गावातलं निवासी केंद्र पुण्यात चालेल का?

तुम्ही विचारलंय, मेलबर्नची लॉरिस्टन ही मुलींची खासगी शाळा नववीच्या मुलींना वर्षभर डोंगरातल्या हाउक्वा केंद्रावर ठेवते, तसं पुण्यातल्या शाळेला जमेल का?

वर्षभर नाही जमणार. तिकडे 1993 पासून हे चालू आहे, पण तिकडची मोठी परीक्षा बारावीला. आपल्याकडे नववी संपायच्या आत दहावीचे क्लास सुरू होतात. आठवीत, तीन आठवडे, असं म्हणाल तर जमतं. कोथरूडच्या एका शाळेच्या मुलींबरोबर मी चार वर्षं 'ताई' म्हणून तोरण्याच्या पायथ्याशी राहिलेय, तेही जुलैत, भातलावणीच्या दिवसांत.

घरी कधी गॅसही न पेटवलेल्या एका मुलीकडे बंबाची पाळी आली. तिने ओली लाकडं कोंबली. पडवीभर धूर, डोळ्यांना धारा आणि पाणी गार ते गारच. बाकीच्या जणी बादल्या घेऊन उभ्या, त्यामुळे बोलणीही खाल्ली. चौथ्या दिवसापासून ती रात्रीच चार ढलप्या चुलीच्या वैलावर वाळत ठेवायला लागली. शेजारच्या घरात बघून आली होती. तीन-चार दिवसांच्या शिबिरात एवढ्यापर्यंत पोचत नाहीत, तोवर घरी जायचे दिवस येतात.

आता आमची चूक. पावसात वेल्ह्याकडे काहीही वाळत नाही, हे पहिल्या वर्षी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मुली ओलसर आतले कपडे घालून वावरायच्या आणि लाजेने सांगायच्या नाहीत. तिघींना नायटा झाला. पुढच्या वर्षी स्वयंपाकघरामागे, धगीला, दोऱ्या बांधल्या आणि पॅड टाकायला झाकणाचे डबे ठेवले. त्यामुळे शाळेने ट्रेकिंगचे फोटो दाखवले की तुम्ही आधी कपडे कुठे वाळतात ते विचारा. मग रात्री मुक्कामाला बाई कोण असते आणि दवाखान्यात न्यायला गाडी आहे का, तेही.

आणि कल्पना काही परदेशी नाही हो. महर्षी कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी काढलेल्या संस्थेचा आश्रम 1900 मध्ये हिंगण्याला झोपडीत नेला. फर्ग्युसनमध्ये शिकवून ते पुण्याहून चालत तिथे जायचे. तेव्हा ते गावाबाहेर होतं, आज तिथे कर्वेनगरचा ट्रॅफिक आहे. फरक एवढाच, की त्या बायकांना शहरात कुणी उभं करत नव्हतं आणि आपल्या मुली फी भरून बाहेर जातात.

हा फरक गावाला नेमका दिसतो. लावणीला मुली चिखलात उतरल्या तेव्हा शेताच्या मालकीणबाईंनी कौतुक केलं आणि आम्ही बांधावर चढताच मुलींनी लावलेल्या तीन ओळी उपटून पुन्हा लावल्या. दुसऱ्या वर्षापासून शाळा त्यांना त्या दिवसाची मजुरी देते, शिकवण्याची आणि निस्तरण्याचीही.