टीव्ही पत्रकारितेत मोठा पुरस्कार मिळवायचा तर इंग्रजी चॅनलमध्येच जावं लागतं का?

नाही. मनिलाच्या जीएमए वाहिनीच्या कारा डेव्हिडचं काम बघा. तिला 2010 सालचा पीबॉडी, म्हणजे टीव्ही-रेडिओसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, तो फिलिपिनो भाषेतल्या ‘आय-विटनेस’ या रात्री उशिरा लागणाऱ्या कार्यक्रमातल्या माहितीपटासाठी. ‘आंबुलान्सियांग दे पा’, म्हणजे पायांवर चालणारी ॲम्ब्युलन्स. मिंदोरो बेटावरचे मांग्यान आदिवासी आजारी माणसाला झोळीत घालून डोंगर उतरवतात, त्याची गोष्ट.

हे वाचून मला झोप का लागली नव्हती ते सांगतो. मी धडगाव भागात एका मराठी चॅनलचा स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेला बातमीदार होतो. बातमीमागे पैसे, पेट्रोल आपलं. एका पावसाळ्यात अडलेल्या बाईला पाड्यावरून झोळीत आणताना शूट केलं. डांबरी रस्ता गाठायला पावणेतीन तास. बांबूला पुढे दीर, मागे नवरा, वाटेत एकच ओढा दोनदा. कॅमेरा खताच्या पिशवीत गुंडाळून मी मागे. घसरलो तेव्हा तिच्या सासूनेच हात दिला. चाळीस मिनिटांचं फुटेज पाठवलं. बुलेटिनमध्ये लागलं 35 सेकंद, वर ‘बांबूलन्स’ अशी पट्टी आणि मागे रडकी बासरी. फोन केला तर डेस्कवरचे सर म्हणाले, “अरे, हे दर पावसाळ्यात येतं. नवीन काय त्यात?”

सर, दर पावसाळ्यात येतं हीच बातमी होती. मांग्यानांची झोळी काय त्या दिवशी पहिल्यांदा उतरली होती?

याच सरांचं दुसरं आवडतं वाक्य, “बातमीत गुंतायचं नसतं.” काराने माहितीपटांत भेटलेल्या मुलांच्या शाळेसाठी ‘प्रोजेक्ट मलासाकित’ ही संस्था काढली. गुंतली, तरी पीबॉडी आलाच ना.

तुमचा प्रश्न राहिला. भाषेची काळजी सोडा, तीन मिनिटांच्या पुढे वेळ देणारा संपादक शोधा. मराठीत ते अवघड आहे, हे मान्य. आणि हेही खरं, की काराचे वडील रँडी डेव्हिड नावाजलेले समाजशास्त्रज्ञ, स्वतः टीव्हीवर चर्चा चालवणारे. ती शिकली युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्सच्या डिलिमान कॅम्पसमध्ये. पगारी नोकरी, सोबत कॅमेरामन. माझ्याशी तुलना नको. शिवाय आता ती ‘पिनास साराप’मध्ये खाण्यापिण्याचा कार्यक्रमही करते, म्हणजे सगळं करिअर काही डोंगरातच जात नाही.

एक मात्र करा. फुटेजची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. मी कार्ड रिकामं करून दुसऱ्या दिवशी आमदारांच्या सत्काराला वापरलं.