न बोलणाऱ्या रुग्णाशेजारी : मानसोपचार विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेस पत्र

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. तुमच्या वॉर्डातील तीव्र नैराश्याने आजारी असलेल्या एक बाई तीन आठवड्यांत तुझ्याशी जेमतेम चार शब्द बोलल्या आहेत, तू रोज त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसतेस, त्या भिंतीकडे पाहत राहतात आणि तू उठून येतेस तेव्हा आपल्या हातून काहीच काम झाले नाही असे तुला वाटते, हे सगळे तू फार प्रामाणिकपणे लिहिले आहेस. त्यांचे नाव लिहिले नाहीस, हे योग्य केलेस. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्या तुला नाकारत आहेत, असे तू गृहीत धरले आहेस. माझ्या मते तुझी अडचण तिथूनच सुरू होते.

तीव्र नैराश्यात विचारांची आणि हालचालींची गतीच मंदावते. आपण प्रश्न विचारतो, तो रुग्णापर्यंत पोहोचतो, उत्तरही मनात जुळू लागते, पण ते ओठांवर येईपर्यंत अर्धे मिनिट किंवा त्याहूनही अधिक वेळ जातो. तेवढ्यात आपण अस्वस्थ होऊन दुसरा प्रश्न विचारतो, मग तिसरा, आणि शेवटी नोंदवहीत ‘रुग्ण प्रतिसाद देत नाही’ असे लिहून मोकळे होतो. उद्या त्यांना एकच छोटा प्रश्न विचार आणि मनातल्या मनात साठपर्यंत अंक मोज. साठ अंक किती लांब असतात ते तुला तेव्हा कळेल. आणखी एक गोष्ट पाहा. अनेक रुग्णांना पहाटे, नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधीच जाग येते, सकाळी मन सर्वांत जड असते आणि दिवस कलताना ते किंचित हलके होते. तू सकाळच्या कामांच्या गर्दीत त्यांच्याकडे जातेस, असे तुझ्या पत्रावरून दिसते. संध्याकाळी जाऊन पाहा.

नैराश्याच्या निदानाचे निकष तू शिकली आहेस, तरी ते या बाईंना लावून पुन्हा वाच. उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी किमान एक लक्षण, आणि झोप, भूक किंवा वजन, थकवा, गतीतील बदल, एकाग्रता, निरर्थकतेची किंवा अपराधीपणाची भावना व मृत्यूचे विचार यांसह एकूण नऊपैकी पाच लक्षणे, सलग 2 आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ. हे निदान डॉक्टर करतात. मात्र त्यातील जवळजवळ प्रत्येक लक्षण प्रत्यक्ष पाहण्याची संधी परिचारिकेलाच मिळते, कारण राउंड काही मिनिटांत संपतो आणि उरलेला सगळा दिवस व सगळी रात्र रुग्ण आपल्यासमोर असतो. म्हणून ‘झोप ठीक’ असे कधीही लिहू नकोस. किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, ताटातले किती खाल्ले, दिवसभरात किती पाणी पोटात गेले, शौचास केव्हा झाले, आठवड्याचे वजन किती, हे लिही. खाणेपिणे जवळजवळ थांबलेला नैराश्याचा रुग्ण ही तातडीची स्थिती असते आणि ती सर्वांत आधी तुझ्या नोंदीतून लक्षात यायला हवी.

शरीराकडे पाहण्याचे आणखीही एक कारण आहे. थायरॉइडचे कार्य मंदावले असेल, रक्तक्षय किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असेल, स्टेरॉइडसारखे एखादे औषध चालू असेल, तरी चित्र नैराश्यासारखे दिसू शकते. वृद्ध माणसात नैराश्य कधी कधी विसरभोळेपणाचे रूप घेते आणि घरचे लोक ते स्मृतिभ्रंश समजून सोडून देतात. कोणी मनाविषयी अवाक्षरही न काढता केवळ अंगदुखीची तक्रार करत राहतो. ‘तपासण्यांत काही निघाले नाही, म्हणजे दुखत नाही’ असे मात्र तू कधी समजू नकोस.

आता बोलावे काय, याविषयी. ‘हिंमत धरा’, ‘तुम्हाला कशाची कमी आहे?’, ‘चांगले विचार करा’ ही वाक्ये आपण मायेने बोलतो, पण स्वतःला आधीच दोषी मानणाऱ्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते की बरे न होणे हाही आपलाच दोष. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी नैराश्यातील विचारांची तीन टोके दाखवली आहेत : मी नालायक आहे, जग माझ्या विरोधात आहे, पुढे काही चांगले होणार नाही. या तिन्हींशी वाद घालून तू जिंकणार नाहीस. वाद घालण्याऐवजी सांग, “मी दहा मिनिटे इथे बसणार आहे, बोलायलाच हवे असे नाही, आणि सहा वाजता पुन्हा येईन.” मग सहा वाजता जा. सहा म्हणजे सहाच. जमणार नसेल तर निरोप पाठव. परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी 1952 मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्यालाच परिचर्येच्या केंद्रस्थानी मांडले. ते नाते अशा पाळलेल्या लहान वचनांवर उभे राहते, हे मला शिकायला बरीच वर्षे लागली.

निर्णय घेणे हे या आजारात मोठे ओझे असते. ‘आंघोळ करायची का?’ या प्रश्नाला ‘नको’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी, “चला, आता आंघोळ करू, मी बरोबर आहे; हा टॉवेल घेऊ की तो?” असे म्हण. इच्छा होईल तेव्हा करू, असे रुग्ण म्हणतो; परंतु या आजारात इच्छा बहुधा कृतीच्या मागून येते, आणि वर्तनात्मक सक्रियता या उपचारपद्धतीचा पायाच तो आहे. आज खाटेवर उठून बसणे, उद्या खिडकीपर्यंत जाणे, एवढीच पायरी ठेव. आणि ते झाल्यावर फार कौतुक करू नकोस. ‘आज तुम्ही खिडकीपर्यंत गेलात’ एवढे शांतपणे सांगितलेले रुग्णाला पटते. टाळ्या वाजवल्या तर आपण दयेचा विषय झालो आहोत असे त्याला वाटते.

औषधांविषयी तू फक्त एका ओळीत विचारले आहेस, पण रुग्ण आणि नातेवाईक सर्वाधिक प्रश्न तुला त्यांविषयीच विचारतील. हल्ली बहुधा प्रथम दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय या नैराश्यविरोधी औषधांच्या गटातील गोळ्यांमुळे पहिल्या एकदोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता जाणवू शकते आणि मन हलके होण्यास साधारण 2 ते 4 आठवडे, पूर्ण परिणाम दिसण्यास 6 ते 8 आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि लाभ नंतर. हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही, तर रुग्ण पाचव्या दिवशी गोळी जिभेखाली दडवू लागतो. बरे वाटू लागल्यानंतरही किमान 6 महिने औषध चालू ठेवावे लागते आणि ते एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, अंगातून झटके गेल्यासारखे वाटणे असे त्रास होतात, हेही समजावून सांग. या गोळ्यांनी रक्तातील सोडियम घटू शकते; म्हणून वृद्ध रुग्ण अचानक गोंधळला तर त्याची आठवण डॉक्टरांना करून दे. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना दिवस काढल्याचा काळ येऊन गेला होता का, हे नातेवाइकांना अवश्य विचार, कारण आजार द्विध्रुवी, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा, असेल तर केवळ नैराश्यविरोधी औषधाने उन्माद उसळू शकतो. पंचविशीच्या आतील रुग्णांत उपचाराच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा इशारा 2004 मध्ये मुले व किशोरवयीनांसाठी दिला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला.

माझी एक चूक तुला सांगायची आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे असलेला एक रुग्ण कित्येक दिवसांनंतर एका दुपारी शांत दिसला. त्याने दाढी केली, माझ्याकडे पाहून हसला, आपले घड्याळ शेजारच्या रुग्णाला देऊन टाकले. मी आनंदाने ‘लक्षणीय सुधारणा’ असे लिहिले आणि घरी गेले. रात्रपाळीच्या वरिष्ठ परिचारिकेने ती नोंद वाचली, घड्याळाची गोष्ट इतरांकडून ऐकली आणि त्याच्याजवळ बसून सरळ विचारले, “जीव द्यायचा विचार आहे का?” त्याने होकार दिला. तो वाचला, माझ्या नोंदीमुळे नव्हे, तिच्या प्रश्नामुळे. मन सुधारण्याआधी अंगात बळ येते, तो टप्पा धोक्याचा असतो. आणि अचानक आलेली शांतता कधी कधी निर्णय झाल्याची शांतता असते.

म्हणून आडवळणाने विचारू नकोस. ‘तसले काही मनात नाही ना?’ या प्रश्नातच नकार दडलेला असतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खरा नाही. उलट, कोणीतरी विचारले याने अनेकांना हायसे वाटते. विचार आहेत का, काही योजना आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, हे क्रमाने विचार. पीएचक्यू-9 ही नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेशील तेव्हा एकूण 27 पैकी किती गुण झाले एवढेच पाहून कागद फाइलला लावू नकोस. मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा नववा प्रश्न स्वतंत्रपणे वाच, कारण एकूण गुण कमी असूनही तिथे शून्याखेरीज दुसरा अंक असू शकतो. असे काही हाती लागले तर ते गुपित ठेवण्याचे वचन कधीही देऊ नकोस. “हे मी डॉक्टरांना सांगणार आहे, तुम्हाला एकटे सोडणार नाही” असे त्यांच्यासमोरच सांग आणि तसे कर.

तुझ्या बाईंसाठी विद्युत उपचारांचा, म्हणजे मेंदूला नियंत्रित विद्युत झटका देण्याचा (ईसीटी), विचार चालू असल्याचे तू भीतभीत लिहिले आहेस. 1938 मध्ये रोममध्ये ही पद्धत प्रथम वापरली गेली तेव्हा भूल नव्हती, आणि लोकांच्या मनातले चित्र आजही त्याच काळातले आहे. आता पूर्ण भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन हा उपचार करतात, आणि अन्नपाणी सोडलेल्या तीव्र नैराश्यात तो अनेकदा सर्वांत लवकर गुण देतो. तुझे काम आदल्या रात्रीपासून सुरू होते : उपाशी ठेवणे, कवळी काढणे, लघवी करून आणणे. शुद्धीवर येताना त्या गोंधळलेल्या असतील, त्या दिवसाच्या आसपासचे काही त्यांना आठवणार नाही. त्यांना दिसणारा पहिला चेहरा ओळखीचा असावा, म्हणून ती ड्यूटी मागून घे.

घरी सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस आत्महत्येच्या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात. घरातील औषधांचा साठा कोणाच्या ताब्यात राहील, पहिल्या आठवड्यातच पुढील भेट कोणत्या तारखेला आहे, पहाटे मन घसरले तर त्या कोणाला हाक मारतील, हे कागदावर त्यांच्या समोर बसून लिही, आणि लिहिताना त्यांनाच विचार. उत्तरासाठी साठ अंक मोजावे लागले तरी मोज. उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन आल्यावर मला लिही. त्यांनी काय सांगितले ते लिहू नकोस, ते त्यांचे आहे. तू किती वेळ थांबू शकलीस, ते लिही.

तुझी,
बाई