पुराणात हरलेला जटायू कबड्डी संघाच्या लोगोवर चालेल का?

चालेल की! तुम्ही लिहिलंय, संघ इगतपुरीकडचा, नाव 'जटायू' ठरलं, पण जाणत्या मंडळींनी मोडता घातला : पंख छाटलेला पक्षी छातीवर नको, अपशकुन होतो. मग कुणी गरुड सुचवला, कुणी थेट रामाचं चित्र. मी जर्सी आणि लोगोचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी अपशकुनाचं बघू. ॲमस्टरडॅमचा आयाक्स हा फुटबॉल क्लब १९०० साली निघाला, ट्रोजन युद्धातल्या ग्रीक वीराच्या नावानं. हा वीर शत्रूकडून नाही मेला. अकिलिस हा सोबतचा महावीर गेल्यावर त्याचं चिलखत आपल्याला न मिळता ओडिसियस या दुसऱ्या ग्रीक वीराला मिळालं, या अपमानानं त्याचं डोकं फिरलं. शत्रू समजून त्यानं जनावरांचा कळप कापून काढला आणि भानावर आल्यावर स्वतःच्याच तलवारीवर जीव दिला. याहून वाईट शेवट कुठला असणार? तरी क्लबनं १९२८ पासून त्याचाच चेहरा बिल्ल्यावर लावला आणि पुढे युरोपातली सर्वोच्च स्पर्धा चार वेळा जिंकली. इटलीतल्या बर्गामोच्या अटलांटा या फुटबॉल क्लबचंही तेच. ग्रीक पुराणातली अटलांटा सोन्याची सफरचंदं उचलायला थांबली आणि शर्यत हरली. बिल्ल्यावर मात्र तिचे उडणारे केस आहेत, सफरचंद नाही. त्या क्लबनं २०२४ मध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात लेव्हरकुसेनला ३-० असं लोळवलं.

लोगोत अख्खी कथा मावत नाही, तिच्यातला एक क्षण घ्यावा लागतो. केरळात चडयमंगलमला जटायूचं २०० फूट लांबीचं शिल्प आहे. त्यात तो एक पंख गमावून उताणा पडलाय. स्मारक म्हणून ते योग्यच, पण जर्सीवर तसला जटायू घेतला तर तुमची जाणती मंडळी बरोबर ठरतील. तुम्ही त्याच्या आधीचा क्षण घ्या. वाल्मीकी रामायणात म्हाताऱ्या जटायूनं रावणाचं धनुष्य मोडलंय, रथ मोडलाय, सारथीही मारलाय. म्हणजे रावण हा गुण घेऊन मध्यरेषेकडे सुटलेला चढाईपटू आणि हा त्याला एकट्यानं अडवणारा कोपरारक्षक! चढाईच्या जोरावर खेळणाऱ्या संघाला हे नाव कदाचित शोभणार नाही, पण तुमची पकड चांगली असेल तर प्रश्नच मिटला. शिवाय तो पडला ते ठिकाण म्हणजे सर्वतीर्थ टाकेद, अशी तुमच्याच तालुक्यात श्रद्धा आहे. इतका हक्काचा पक्षी सोडून गरुड कशाला?

चित्र काढताना एक सांभाळा. 'ईगल लोगो' असं शोधून मिळणारा पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड गल्लोगल्लीच्या संघांनी वापरून झालाय. जटायू हे गिधाड आहे. पुढे झुकलेली मान, मानेच्या मुळाशी पिसांची झालर, जड बाकदार चोच. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत, एकदा जाऊन त्यांचे फोटो काढून आणा आणि चित्रकाराला तेच द्या. पंख उघडे, नखं पुढे, आणि दोन पंखांची मिळून सात मोठी पिसं, सात खेळाडूंची. (ही युक्ती आयाक्सचीच. १९९० मध्ये त्यांनी चेहरा अकरा रेषांत बसवला, अकरा खेळाडूंसाठी. पण चाहत्यांचा जीव जुन्या चेहऱ्यात अडकलेला, म्हणून २०२५-२६ च्या हंगामापासून तोच परत आणला. तेव्हा पिसं मोजायच्या नादात पक्षी बिघडवू नका.)

रामाचं चित्र मात्र नको. कबड्डीची जर्सी मातीत लोळते, घामानं भिजते, सामना संपला की पिशवीत कोंबली जाते. उद्या कुणी फोटो काढून 'देवाची विटंबना' म्हणून फिरवला तर मंडळ निस्तरत बसेल. मुंबई इंडियन्सनं लोगोत सुदर्शन चक्र घेतलं, कृष्ण नाही घेतला. शस्त्र, प्राणी, पक्षी एवढ्यावर काम भागतं. नावाची नोंदणी करायचा विचार असेल तर तिथेही हेच सोयीचं, कारण धार्मिक भावना दुखावणारी चिन्हं ट्रेड मार्क कायद्यानं नोंदवता येत नाहीत.

आता छपाई. कबड्डीत जर्सी धरून ओढली जाते, त्यामुळे शिवलेला भरतकामाचा बिल्ला टाक्यांतून उसवतो. सब्लिमेशन, म्हणजे रंग कापडातच मुरवणारी छपाई, करून घ्या. छातीवर लोगो तीन इंचांचाच येणार, म्हणून पिसांत बारीक रेघा आणि चकाकणारे ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणाऱ्या छटा) नकोत. आधी एका रंगात काळा काढून बघा. संघाच्या रबरी शिक्क्यावर आणि व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत तो गिधाड म्हणून ओळखू आला की मगच रंग भरा. आणि काम झालं की डिझायनरकडून कोरलची (ज्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो काढतात त्याची) मूळ फाइल मागून घ्या. नुसत्या जेपीजीवर पैसे चुकते करू नका, पुढच्या वर्षी दुसऱ्या छपाईवाल्याकडे गेलात की तोच लोगो पुन्हा काढायचे पैसे पडतील.