दोन्हीकडे ग्लुकोजच, मग कापूस का पचत नाही?

प्रश्न : सर, स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात, असं आमच्या पुस्तकात आहे. मग धान्यातला स्टार्च पचतो आणि कापसातलं सेल्युलोज पचत नाही, असं का? सेल्युलोजमध्ये ऊर्जाच नसते का?
– बारावीची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण हा समज फार पसरलेला आहे. सेल्युलोजमध्ये ऊर्जा असते आणि भरपूर असते. एक ग्रॅम स्टार्च आणि एक ग्रॅम सेल्युलोज जाळून पाहिलं, तर दोन्हींतून जवळपास सारखीच, सुमारे १७ किलोज्यूल उष्णता निघते. अडचण ऊर्जेची नाही, ती बाहेर काढण्याची आहे.

हा धडा मी फळ्यावर शिकवत नाही. चेंडू-काड्यांची मॉडेल्स मुलांच्या हातात देतो आणि ग्लुकोजचं कडं जोडायला सांगतो. तुलाही जमलं तर करून बघ. कड्यातल्या पहिल्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी (OH), असतो. तो कड्याच्या खालच्या बाजूला असेल तर अल्फा ग्लुकोज, वरच्या बाजूला असेल तर बीटा. अणू तेच, संख्या तीच, फरक फक्त या एका गटाच्या दिशेचा. पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज तर या दोन रूपांत सतत अदलाबदल करत असतं. साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असं प्रमाण राहतं. पण एका ग्लुकोजचा पहिला कार्बन शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी जोडला गेला, पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, की ती दिशा पक्की होते.

आता मॉडेलची साखळी वाढवत जा. सगळे बंध अल्फा ठेवलेस तर साखळी आपोआप वळते आणि मळसूत्रासारखी गुंडाळली जाते. हाच स्टार्च. प्रयोगशाळेत आयोडीन टाकल्यावर जो गडद निळा रंग येतो, तो या मळसूत्राच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसल्यामुळे. बंध बीटा ठेवलेस तर प्रत्येक दुसरं ग्लुकोज उलटं फिरवून बसवावं लागतं आणि साखळी सरळसोट राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, त्यांच्यात असंख्य हायड्रोजन बंध (रेणूंमधली एकेकटी दुबळी ओढ) तयार होतात आणि इतका घट्ट तंतू बनतो की पाण्यालाही आत शिरायला वाव मिळत नाही. झाडाचं खोड त्याच्या जोरावर उभं राहतं. मला स्वतःला जीवरसायनशास्त्रातलं यापेक्षा सुंदर उदाहरण माहीत नाही.

पचनाचं उत्तर यातच आहे. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, अल्फा बंधाच्या घडणीला नेमकं बसतं आणि तिथे पाणी घालून तो तोडतं. बीटा बंध त्याच्या खाचेत बसतच नाही. एन्झाइम आणि त्याचा रेणू यांचं नातं कुलूप-किल्लीचं असतं, असं जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलं, ते साखरेच्या रेणूंवर काम करतानाच. बीटा बंध तोडणारं सेल्युलेज आपलं शरीर बनवत नाही. गायीचंही बनवत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते बनवतात आणि गाय त्यावर जगते. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूही थोडंफार सेल्युलोज आंबवतात, पण बरंचसं तसंच बाहेर पडतं.

प्रश्न : प्रथिनांतली अमिनो आम्लं ‘डावी’ असतात म्हणजे काय? उजवी असती तर काय बिघडलं असतं?
– एक वाचक

उत्तर : ग्लायसीन सोडून प्रथिनांतल्या प्रत्येक अमिनो आम्लाची दोन रूपं संभवतात, आरशातल्या प्रतिमेसारखी एकमेकांची उलट. पेशी प्रथिनं बांधताना त्यांतलं डावंच वापरतात. हा भेद जिभेलाही कळतो : १८८६ मध्ये पिउत्ती या इटालियन रसायनज्ञाला आढळलं की उजवं ॲस्परजीन गोड लागतं, डावं लागत नाही. सगळीच प्रथिनं उजवी असती, तर माझ्या मते आरशातलं जग व्यवस्थित चाललं असतं. घोटाळा होतो तो डावी-उजवी मिसळ केल्यावर. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळीच, आणि मग त्या साखळीची घडी नीट पडत नाही.

उजवी अमिनो आम्लं निसर्गात अजिबात नाहीत, असं मात्र समजू नका. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत उजवं ॲलानिन असतं आणि प्रथिनं तोडणाऱ्या नेहमीच्या एन्झाइमांना ते सहसा तोडता येत नाही. भित्तिका विणताना दोन उजव्या ॲलानिनची जोडी हाताळणारं एक एन्झाइम जिवाणूंकडे असतं. पेनिसिलिन या प्रतिजैविकाची घडण त्या जोडीसारखी असते, म्हणून ते थेट त्या एन्झाइमलाच जाऊन चिकटतं आणि भित्तिकेचं काम थांबतं. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसते.