650 बुक करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. स्प्लेंडर विकू की ठेवू, रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर 650 आत्ता घेऊ की दोन वर्षं थांबू, एक्सचेंजला किती मिळतील, रंग कुठला चांगला दिसेल, सगळं लिहिलंस. पण ब्रेक हा शब्द एवढ्या मोठ्या पत्रात एकदाही आला नाही. मला लिहायला बसवलं ते त्याने.

थांबवता येईल तेवढीच गाडी आपली. बाकी सगळं यानंतर.

तुझी स्प्लेंडर 97.2 सीसीची, ताकद आठेक हॉर्सपॉवर, वजन 110 किलोच्या आसपास, दोन्ही चाकांना 130 मिलिमीटरचे ड्रम. इंटरसेप्टर 648 सीसी, 47 हॉर्सपॉवर, वजन 200 किलोच्या वर, पुढे 320 मिलिमीटरची डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस. ड्रमवाल्या गाडीवर वाढलेल्या माणसाचा पाय आधी मागच्या ब्रेकवर जातो, पुढचा लीव्हर नुसता हाताखाली असतो. साठच्या वेगात हे खपून जातं. पण जोरात ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं आणि रस्ता सोडायला लागतं. थांबवण्याचं खरं काम पुढचा ब्रेकच करतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, हे खरं. पण तू लीव्हर दाबलाच नाहीस तर एबीएस काय करणार?

कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर, आणि समोरचं दिसल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद धर. 60 च्या वेगात थांबायला साधारण 37 मीटर लागतात. 100 च्या वेगात 84. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सात एसट्या. स्प्लेंडरवर 100 ला पोचायला तुला उतार शोधावा लागतो. 650 वर तिसऱ्या गिअरमध्ये, ध्यानीमनी नसताना पोचशील.

तेव्हा पहिलं काम शोरूममध्ये नाही, स्प्लेंडरवरच. तिचा पुढचा ब्रेक नीट करून घे. जुन्या स्प्लेंडरचा पुढचा ब्रेक ‘लागत नाही’ तो बहुतेक वेळा शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, संपल्यामुळे नसतो. केबल सुकलेली असते आणि ड्रमच्या प्लेटमधला, शू बाहेर ढकलणारा ब्रेक कॅम गंजून जड झालेला असतो. केबलमध्ये तेल सोड, कॅम काढून साफ कर, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरव. शूला ग्रीस लागता कामा नये. शू गुळगुळीत, चकचकीत झाले असतील तर बदल.

मग सकाळी रिकामं मैदान गाठ, पण माती-खडी नसलेलं. 30 वरून सुरुवात कर. लीव्हर एकदम आवळायचा नाही: आधी हलका दाब, पुढचा फोर्क खाली बसल्याचं जाणवलं की मग वाढवत न्यायचा. दोन बोटं लीव्हरवर, नजर समोर लांब, चाकाकडे नाही. क्लच अगदी शेवटी. पुढचं चाक लॉक झाल्यासारखं वाटलं तर तत्काळ सोड, तुझ्या गाडीला एबीएस नाही. 30 जमलं की 40, मग 50. नवी गाडी आली की हेच पुन्हा, पण रनिंगचे पहिले दीडेकशे किलोमीटर झाल्यावर. नवे टायर घासले जाईपर्यंत घसरतात. तिथे एबीएस लागलं की लीव्हर बोटाखाली थरथरेल. घाबरून सोडू नकोस, दाबून ठेव. सैल खडीवर मात्र एबीएसवाली गाडी जास्त लांब जाऊन थांबते, हे ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरण्याआधी डोक्यात पक्कं असू दे.

कंटाळवाणं वाटतंय ना? वाटू दे. या गोष्टी आमच्या वेळी कोणी धरून शिकवल्या नाहीत, ज्याने त्याने रस्त्यावर शिकल्या, आणि काहींना शिकायला दुसरी संधी मिळाली नाही. त्याची खंत आहे, म्हणून मी हट्ट धरतो. मी पोरांना अडवतो असं लोक म्हणतात. गाडी घेऊ नकोस असं मी आजवर कोणालाच म्हटलेलं नाही. घे. तुझे पैसे, तुझी हौस, आणि हौस चांगली आहे. पण थांबवता येईल तेवढीच.

आता वजन. उभं करताना उताराकडे तोंड करून लावलीस तर मागे ओढताना घाम फुटेल. रिव्हर्स नाही. उजव्या अंगाला पडली तर उचलण्याआधी साइड स्टँड खाली पाडून ठेव, नाहीतर उचलता उचलता पलीकडे जाईल. पाठ सीटला लाव, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा रेल धर आणि पायांनी मागे रेट. कमरेने उचलायला गेलास की कंबर गेली.

चेन. स्प्लेंडरची पूर्ण कव्हरात, म्हणून तू तिच्याकडे कधी पाहिलं नसशील. हिची उघडी, ओ-रिंगची, म्हणजे आत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांची. पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य, रिंगा जातात आणि आतलं ग्रीस निघून जातं. दर 500 किलोमीटरला क्लीनर, मऊ ब्रश, मग चेन ल्यूब किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल. पावसात भिजून आलास तर त्याच संध्याकाळी. चाक स्पोकचं घेतलंस तर ट्यूब येते, आडगावच्या पंक्चरवाल्याला मागचं चाक खोलावं लागेल. अलॉय घे, ट्यूबलेस.

पैशांचं थोडक्यात. 350 सीसीच्या वरच्या गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. त्यावर आरटीओ आणि विमा. त्याउपर आयएसआयचं फुल फेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट आणि जॅकेट. एवढ्याला पैसे उरत नसतील तर गाडी अजून परवडत नाही, विषय संपला.

स्प्लेंडर सहा महिने तरी ठेव. सकाळी थंड सुरू केल्यावर निळा धूर येऊन थांबतो का, बघ. थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, स्वस्तातलं काम. रेस केल्यावर येतच राहिला आणि दोन सर्व्हिसिंगमध्ये ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेखाली गेलं, तर रिंग-पिस्टन. तेव्हा विकायचा विचार कर. विकलीस तर मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करून मोकळा होऊ नकोस, आरसीवरचं नाव बदललेलं डोळ्यांनी बघ. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुझा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीला लाव.

मैदानावर 50 वरून थांबायला किती मीटर लागले ते टेप लावून मोज आणि कळव. आधी स्प्लेंडरचा आकडा, बुकिंगचं त्यानंतर बोलू.

तुझा,
काका