घशात अडकलंय तिथून सुरू कर

अगं, ‘माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे’ असं म्हणू नकोस. १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेतल्या १४ वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापूनही आला. अलंकार शोधत बसली नाही ती. आमचा धर्म कोणता, असं थेट देवालाच विचारलं!

तूही बोलताना जे घशात अडकतं, तिथूनच सुरू कर. पहिला मजकूर कुणाला दाखवू नकोस. मी आठ दिवस तांदळाच्या डब्यात लपवते, आमच्याकडे तिथे दुसरं कुणी हात घालत नाही. मग मोठ्याने वाच. जीभ अडखळते ते वाक्य बहुतेक उसनं असतं, खोड.

आणि वही साधीच घे. महागड्या वहीत माझा तरी हात चालत नाही.